बोअरचं लाल पाणी: आयर्न फिल्टर दोन पावसाळे वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू आयर्न रिमूव्हल फिल्टरचा आहे, पण आधी आरओचं (बारीक पडद्यातून गाळून पाण्यातले क्षार काढणाऱ्या मशीनचं) सांगावंच लागेल कारण आमचे पैसे पहिल्यांदा तिथे गेले आणि गावात अजून चार घरांचे तसेच जायच्या वाटेवर आहेत, म्हणून वेळ काढून नीट लिहितेय. लांबलंय, पण बोअर मारलेल्या प्रत्येकाने वाचा.

आमचं घर गुहागर तालुक्यात, सड्याच्या उतारावर, समुद्र तीनेक किलोमीटर लांब. जुनी विहीर आहे, चिऱ्यांनी बांधलेली, पाणी एकदम गोड, पण जांभ्याचं कसं असतं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैत विहीर काठोकाठ आणि एप्रिल संपता संपता कळशी तळाला लागते, कारण जांभा चाळणीसारखा आहे, पाणी झिरपतं आणि निघून जातं. घरात आम्ही पाच माणसं आणि पर्यटकांसाठी तीन खोल्या, सीझन नेमका मे महिन्यात, म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत १८० फूट बोअर मारली. पाणी लागलं, भरपूर लागलं, सगळे खूश. नारळ फोडला, पहिली बादली काचेसारखी स्वच्छ.

आणि तीच बादली दुपारी बघितली तर पिवळी! तळाला गेरूसारखा गाळ आणि वर तेलासारखी रंगीत साय. मला वाटलं पंपाचं ऑइल गळतंय, मेकॅनिकला बोलावणं पाठवलं. तो यायच्या आत सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं तर ती साय पापडासारखी तुकडे होऊन फुटली आणि तशीच फुटकी राहिली. हे लक्षात ठेवा, तेल असेल तर बोट काढल्यावर परत जुळून येतं, ही साय लोखंडाची असते, जुळत नाही. जमिनीखाली खोल पाण्याला हवा मिळत नाही म्हणून तिथे लोखंड विरघळलेलं राहतं, दिसत नाही, बाहेर येऊन हवा लागली की गंजतं आणि मग दिसतं. म्हणून बोअरचं पाणी येताना स्वच्छ आणि दुपारी लाल.

पण खरं उघडं पाडलं चहाने. बोअरच्या पाण्याचा पहिला चहा केला तो दूध घालायच्या आधीच काळाजांभळा, शाईसारखा. सासूबाई म्हणाल्या, "अगो, हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे ना पूर्वी, तसाच रंग आलाय बघ." आणि अगदी बरोबर, हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार, हिरड्यात जो तुरटपणा असतो तोच चहात, दोघं भेटले की काळं होतं. कुठलंही मशीन न घेता पाण्यात लोखंड आहे का बघायचं असेल तर कोऱ्या चहात ते पाणी ओता, विहिरीच्या पाण्याचा चहा शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी दिसतो.

महिन्याभरात पांढऱ्या चादरींवर पिवळे ठिपके, कमोडमध्ये तपकिरी ओघळ, भाताला गंजकट वास. पाहुणे तोंडावर बोलत नाहीत पण चादर उलटी करून झोपलेले मी बघितलेत. आणि वर ब्लीच टाकून चादरी धुतल्या तर डाग अजून पक्के बसले, कारण क्लोरीनने लोखंड अजूनच गंजतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

त्याच दिवाळीत एक सेल्समन आला, कंपनीचं नाव घेत नाही. पडवीत बसला, दोन ग्लास मागितले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं आरओचं. मग एक छोटं यंत्र काढलं, खाली धातूच्या कांड्या, ती दोन्ही ग्लासांत बुडवून वीज लावली. अर्ध्या मिनिटात आमच्या ग्लासात हिरवा-काळा चिखल तरंगायला लागला, त्याचा ग्लास स्वच्छच. "हे तुम्ही मुलांना पाजताय ताई." आई असलेल्या बाईला हे वाक्य ऐकवल्यावर ती दुसरं काय करणार, १७ हजारांचा आरओ त्याच संध्याकाळी घेतला.

दीड महिन्यात पुढचं पांढरं कार्ट्रिज विटेसारखं लाल. बदललं. परत लाल. पाचव्या महिन्यात मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणीचा पडदा, गेला, पाणी थेंब थेंब, सर्व्हिसवाला म्हणाला तुमचं पाणीच खराब आहे. अहो, पाणी खराब आहे म्हणून तर मशीन घेतलं! आरओचा मेम्ब्रेन लोखंडाने बुजतो, लोखंड आधी काढल्याशिवाय तो टिकतच नाही, हे विकायच्या आधी सांगायला नको? शिवाय एक लिटर प्यायचं पाणी करायला तीनेक लिटर पाणी मोरीत जात होतं, तेही एप्रिलमध्ये, आणि चादरी, भांडी, आंघोळीचं पाणी लालच राहिलं कारण आरओ फक्त स्वयंपाकघरातल्या एका नळाला.

त्या कांड्यांच्या खेळाचंही सांगते. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंकडे तोच डेमो आला तेव्हा माझी पुतणी तिथे होती, बारावी सायन्स. तिने शांतपणे सांगितलं, काका, तुमच्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि परत लावा. तो टाळत होता, काकूंनीच चिमूट टाकली. आणि त्या "शुद्ध" पाण्यात आमच्यापेक्षा घाण चिखल झाला! कारण घाण पाण्यातली नसतेच, कांडीचं लोखंड वीज लावल्यावर सुटून पाण्यात येतं, पाण्यात क्षार असले की वीज वाहते, नसले की वाहत नाही, एवढंच. आमच्या विहिरीच्या उत्तम पाण्यालाही तो काळं करून दाखवेल. हा डेमो घेऊन कोणी दारात आला तर मीठ हातात ठेवा.

आता मुख्य. काकूंकडचा प्रकार बघितल्यावर ह्यांनी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना (गावाच्या पाण्याची देखरेख करतात ते) विचारलं, त्यांनी पहिला प्रश्न केला, पाणी तपासलंय का? नव्हतं. एवढे पैसे घालवले आणि पाणी एकदाही तपासलं नव्हतं. रत्नागिरीला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे तिथे नमुना दिला. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते, निर्जंतुक केलेली, ती त्यांच्याकडूनच घ्यायची, आत बोट लावायचं नाही, नळ आधी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. घरातली कोल्ड्रिंकची बाटली धुवून नेलीत तर रिपोर्टचा काही उपयोग नाही.

रिपोर्ट असा आला: टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ११०, कठीणपणा ४०, क्लोराइड किरकोळ, पीएच ६.४, लोह लिटरमागे २.४ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरतात आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आमचा ११०! म्हणजे आरओ ज्या कामासाठी असतो ते काम आमच्या पाण्यात नव्हतंच. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा असं सरकारला सांगितलं होतं, ते ह्याच कारणासाठी, पाणी फुकट जातं आणि असलेले क्षारही जातात. दुसरीकडे लोखंड ०.३ च्या वर गेलं की कपड्यांना डाग पडायला लागतात, आमचं त्याच्या आठपट. एवढ्या लोखंडाने कोणी आजारी पडतं असं नाही, त्रास चवीचा, डागांचा आणि पाइप बुजायचा. आणि तो पेनासारखा टीडीएस मीटर सगळे खिशातून काढतात ना, तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात लोखंड किती ते कळत नाही आणि जंतू तर नाहीच नाही. ५० टीडीएसचं पाणीसुद्धा जुलाब लावू शकतं.

मग २०२३ च्या मे महिन्यात चिपळूणच्या एका छोट्या दुकानातून आयर्न फिल्टर बसवला. फिटरने येऊन आधी रिपोर्ट वाचला, ह्याचं मला फार कौतुक. म्हणाला, पीएच ६.४ आहे, पाणी आंबट आहे, असल्या पाण्यात लोखंड लवकर गंजत नाही, नुसता फिल्टर लावला तर अर्धं लोखंड तसंच निघून जाईल, आधी हवा देऊया. म्हणून बोअरचं पाणी पहिल्या ५०० लिटरच्या टाकीत सरळ नाही सोडलं, वर भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप आडवा लावला, पाणी पागोळ्यांसारखं पडतं. त्याने हवा लागते, पाण्यात कोंडलेला वायू उडून जातो आणि आंबटपणाही कमी होतो, आमचा पीएच तेवढ्यावर ६.९ झाला. लोखंड तिथेच गंजून बरंचसं तळाला बसतं. तिथून अर्ध्या एचपीच्या पंपाने फिल्टरमध्ये.

फिल्टर म्हणजे निळा फायबरचा उभा नळकांडा, छातीएवढा उंच, आत खाली गोटे, त्यावर वाळू, त्यावर काळे दाणे मँगनीजचे. ते काळे दाणे उरलेलं लोखंड धरून ठेवतात. डोक्यावर हँडलचा व्हॉल्व्ह, त्यावर फिल्टर, बॅकवॉश, रिन्स अशा खुणा. पुढे १००० लिटरची स्वच्छ टाकी आणि तिथून अख्ख्या घराला. टाकी, पंप, प्लंबिंग सगळं धरून ३१ हजार लागले, त्यात फिल्टर २२ चा.

आठ दिवसांनी परत तपासलं, लोह ०.१. चहा चहासारखा. चादरी नव्या आणल्या कारण जुन्या वाचल्या नाहीत, थोड्यांचे डाग लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यावर फिके झाले. कमोडचे ओघळ सायट्रिक ॲसिडने गेले.

दोन पावसाळे झाले, आता जमेच्या आणि तक्रारीच्या बाजू. बॅकवॉश हे काम आहे, ते करायची तयारी नसेल तर घेऊ नका. सीझनमध्ये दर चौथ्या दिवशी, एरवी आठवड्याला, दहा मिनिटं उलटं पाणी सोडायचं, आधी गेरू येतो, मग चहा, मग स्वच्छ, मग दोन मिनिटं रिन्स. हे पाणी आम्ही पन्हळ काढून माडांच्या आळ्यात सोडलंय, वाया काही जात नाही. एकदा गणपतीत घाईत पंप चालू असतानाच हँडल फिरवलं गेलं, आतलं गॅस्केट फाटलं आणि ऐन चतुर्थीला अख्ख्या घरात लाल पाणी. पंप बंद केल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही, मी आता तिथे खडूने लिहून ठेवलंय. फिटर फोन उचलतो पण आंब्याच्या आणि गणपतीच्या दिवसात आठ-दहा दिवस लावतो, म्हणून एक गॅस्केट घरात आणून ठेवा, दोनशे रुपयांचं आहे. पहिल्या टाकीतला गाळ दोन महिन्यांनी काढावा लागतो, शेवाळ्यासारखी लाल बुळबुळ जमते, लोखंडावर जगणारे जिवाणू असतात ते, रोगाचे नव्हेत पण पाइप बुजवतात. आणि वीज गेली की फिल्टर बंद, जुलैच्या वादळात दोन दिवस वीज नव्हती तेव्हा वरची टाकी भरलेली होती म्हणून निभावलं.

सगळ्यात महत्त्वाचं, हा फिल्टर जंतू मारत नाही. फिटरने स्वतः हे सांगितलं, विकताना न सांगता गप्प बसला असता तर मला कळलंही नसतं. प्यायला आम्ही अजूनही विहिरीचंच पाणी घेतो आणि पावसाच्या सुरुवातीला जलसुरक्षकांनी तपासणीची छोटी बाटली दिली, त्यात पाणी भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काळं झालं, म्हणजे विहिरीत घाण उतरतेय. आजूबाजूचं पावसाचं पाणी सरळ आत येत होतं, कठडा खचला होता. कठडा उंच केला, भोवती सिमेंटचा ओटा उतार देऊन केला, वर जाळी. आणि टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्याचं प्रमाण अंदाजाने टाकू नका, हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम. आमच्या विहिरीचा व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर, तीनचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले चार भागिले चार, म्हणजे साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली बुडवून हलवायची. संध्याकाळी टाकतो, सकाळी शेंदतो. पावडर उघडी राहिली की जोर जातो, डबा घट्ट बंद पाहिजे. ह्याशिवाय पिण्याचं पाणी पावसाळ्यात उकळतोच. स्वयंपाकघरात बिनविजेचा यूएफ (अतिबारीक छिद्रांच्या गाळणीचा) फिल्टर ठेवलाय, तो गढूळपणा आणि जंतू अडवतो, क्षार नाही. यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याने जंतू मारणारा, आम्ही मुद्दाम नाही घेतला, त्याला पाणी आधी नितळ लागतं, लोखंडाचा थर दिव्याच्या काचेवर बसला तर प्रकाश पोचतच नाही, दिवा लागलेला दिसतो आणि आपण निश्चिंत.

आता ज्यांचा त्रास वेगळा आहे त्यांनी माझं बघून आयर्न फिल्टर घेऊ नका. माझी नणंद हर्णैला, घर समुद्राला लागून, आगरातली विहीर माघापर्यंत गोड आणि चैत्र-वैशाखात मचूळ. तिथे डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही. गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगत असतं, पंपाने तासभर उपसलं की खालचं खारं वर येतं. तिने पंप लहान केला, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तासच चालवते, त्याने महिनाभर तरी विहीर जास्त गोड राहिली. मिठावर आयर्न फिल्टर चालत नाही, सॉफ्टनरही चालत नाही, सॉफ्टनर फक्त कठीणपणा काढतो, खारटपणा तसाच. तिच्याकडे मेमध्ये टीडीएस १४०० च्या वर गेला होता, तिथे आरओ योग्यच आहे, तिने पिण्यापुरता घेतलाय आणि मी तिला नको म्हटलं नाही. पण पावसाचं पाणी ती सोडत होती ह्याचं मला वाईट वाटायचं. हजार चौरस फुटांचं कौलारू छप्पर असेल तर आपल्या पावसात दोन लाख लिटरच्या वर पाणी पागोळ्यांतून खाली पडतं, पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्यायचे आणि मग पन्हळीने टाकीत. गेल्या वर्षी तिने पाच हजारची टाकी बसवली.

गिझरच्या कॉइलवर पांढरा खवला बसत असेल, स्टीलवर पांढरे डाग राहत असतील तर ते कठीण पाणी, काळ्या कातळातल्या खोल बोअरला येतं, त्याला सॉफ्टनर, त्यात आठवड्याला मीठ घालायचं. पितळी नळाखाली निळसर-हिरवा डाग पडत असेल तर पाणी आंबट आहे, तांबं सोडवतंय, अशा नळाचं रात्रभर साठलेलं पाणी पिऊ नका, थोडं वाहू द्या.

फिल्टरला पाचपैकी चार. एक कमी केला तो सर्व्हिसला लागणाऱ्या दिवसांचा. आरओ आम्ही अजून भिंतीवरून काढलेला नाही, नणंदेचा बिघडला तर सुटे भाग कामी येतील. फिटर म्हणतो काळे दाणे चार-पाच वर्षांनी बदलायला लागतील, तेव्हा किती खर्च आला ते इथेच टाकते. कोणाला रिपोर्ट वाचता येत नसेल तर आकडे खाली लिहा, मला कळेल तेवढं सांगेन, पण आधी नमुना देऊन या.